बांबूकाम शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी

वडोद्याहून छोटाउदेपूरकडच्या शाळांत बांबूकाम शिकवण्याचा आपला बेत चांगला आहे. मात्र पहिल्याच दिवशी टोपली विणायला घेऊ नये, सुरुवातीचे तास चिरण्यालाच द्यावेत. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो, म्हणून सुमारे ३ वर्षांचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू निवडावा. तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट व साखर बरीचशी निघून जाते आणि भुंगेरा लागण्याची भीती कमी होते.

कोयता अगदी मध्यावर ठेवला तरी भेग एका बाजूला पळते, आणि नवखा विद्यार्थी हमखास पातळ बाजूच ओढतो. अशा वेळी जाड बाजू अधिक वाकवावी, म्हणजे भेग तिच्याकडे वळून पुन्हा मधोमध येते. हे फळ्यावर समजावता येत नाही, हात धरूनच दाखवावे लागते. कामटीची कड पात्यासारखी कापते, तेव्हा डाव्या हाताला जाड कापड गुंडाळायला लावावे. सालीकडची चिवट पट्टी काठासाठी राखावी, आतली ठिसूळ पट्टी भरणीला चालते.

राठवा या तिथल्या आदिवासी समाजातील मुलांपैकी काहींच्या घरची वडीलधारी मंडळी हे काम आपल्यापेक्षा सफाईने करत असतील. त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावे. मालासाठी शेताच्या बांधावरचा बांबू घ्यावा, कारण २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येत मोडत नाही; जंगलातला तोडायचा असल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.