कीटभृंगन्यायातला भृंग कोणता?

प्रश्न असा आहे: ‘कीटभृंगन्यायाने शिष्य गुरुरूप होतो’ असं वाक्य वाचनात आलं. भृंग म्हणजे भुंगा ना? मग भुंग्याचा नि अळीचा संबंध काय, आणि यात न्याय कुणाला मिळाला?

‘न्याय’चं आधी उरकतो. इथे न्याय म्हणजे सर्वांच्या ओळखीचा दाखला. घुणाक्षरन्याय, काकतालीय न्याय यांतला न्याय तोच.

भुंग्याबद्दलची शंका मात्र अगदी रास्त आहे. लाकूड पोखरणारा काळा भुंगा मध-परागांवर जगतो, तो अळीच्या वाटेला जात नाही. त्याचा दाखला वेगळा. कोरडं लाकूड सहज पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत अडकून पडतो, हे ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल आलं आहे. कीटभृंगातली भृंगी म्हणजे आपली कुंभारीण, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी माशी. भागवतात तिला ‘पेशस्कृत्’ म्हटलंय.

तिचं काम एकदा जवळून पाहाच. ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून येते, ती घराच्या कडेवर थापते, आणि थापताना बारीक गुणगुणते. मग नांगीने लुळी केलेली अळी (काही जातींत कोळी) आत ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी माती फोडून बाहेर येते ती कुंभारीणच. पाहणाऱ्यांनी ताळा जुळवला: आत अळी गेली, बाहेर भृंगी आली, म्हणजे गुणगुण ऐकत, भृंगीचा ध्यास घेत अळीच भृंगी झाली. खरं तर आत कुंभारीण अंडंही घालते. त्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं.

म्हणून दाखला बाद होतो का? माझ्या मते मुळीच नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत हा कीटक आपल्या चोवीस गुरूंत मोजतो, तो मनाबद्दल बोलण्यासाठी. स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने, मन ज्यावर पूर्ण जडेल त्याचं रूप ते घेतं, असं तो सांगतो. शिवाय अळीने आधीचा देह न सोडताच हे घडतं, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला हाच कीटक दाखवतो आणि पुढे गोपींच्या बरोबरीने भयाने कृष्णाचं चिंतन करणारा कंस आणि द्वेषाने करणारा शिशुपाल यांची नावं घेतो. मला या दाखल्याचा खरा जोर इथे वाटतो. प्रेमाने तद्रूप होणं कुणालाही पटेल. भीतीनेही तेच होतं, हे ऐकून माणूस आपल्या मनात दिवसभर काय घोळतंय ते तपासायला लागतो. गुरुशिष्यांच्या वाक्यात भयाची ही बाजू गळून जाते. वाक्य चूक नाही, पण दाखला अर्धाच वापरला जातो.

नुसत्या अनुकरणाला हा शब्द लावू नये. थोरल्याचं पाहून धाकटा तसाच बोलू लागला, तर ती नक्कल. ज्या तापट माणसाची वर्षानुवर्षं धास्ती घेतली, त्याच्याचसारखा आपला स्वभाव होत गेला, तर तिथे कीटभृंगन्याय चपखल बसतो. लिहिताना शब्द सलग लिहावा. ‘भ्रमरकीटन्याय’ असंही रूप आढळतं, तेही चालेल.