"लोकांना विचारत फिरायचं, यात कसलं करिअर?"

अमळनेरच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला, वह्याच्या वह्या गाड्यांच्या चित्रांनी भरलेल्या. आता म्हणते, मला इंजिन नको. गाडी बनायच्या आधी ती वापरणाऱ्यांना काय लागतं, ते शोधायचं काम करायचंय. वडील विचारतात, "गाडी बनवतात इंजिनिअर. लोकांना विचारत फिरून पोट भरेल का?"

भाऊ, भरतं. सहज नाही, ते पुढे सांगतो.

आधी काम समजून घ्या. नवीन गाडी ठरली की पत्र्याला हात लागण्याच्या कितीतरी आधी लाकूड-फोमचा सांगाडा उभा करतात. सीट, स्टीअरिंग, दाराची चौकट, बस. त्याला सीटिंग बक म्हणतात. त्यात बुटक्या बाईला, उंच माणसाला, गुडघे धरलेल्या आजोबांना बसवून बघतात. दार दोन बोटं रुंद करायचं तर तेव्हा करवतीने भागतं. डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, तयार झाल्या की तोच बदल कंपनीच्या अंगावर येतो.

नॅनो आठवते ना? २००८ मध्ये दाखवली तेव्हा तिची डिकी मागून उघडतच नव्हती. सामान ठेवायला मागची सीट पाडावी लागे. उघडणारी डिकी आली २०१५ मध्ये. बाजाराची पिशवी घेऊन येणाऱ्या कुणालाही ही अडचण पहिल्याच दिवशी दिसली असती. याउलट व्होल्वोने २००४ मध्ये वायसीसी नावाची एक गाडी मांडली, आखणारा चमू सगळा बायकांचा. हेडरेस्टमध्ये बांधलेल्या केसांसाठी खाच, आणि वायपरचं पाणी बॉनेट न उघडता बाहेरूनच भरायची सोय. ती विक्रीला आली नाही, पण मुलीला तिचे फोटो जरूर बघू द्या.

आता 'विचारत फिरायचं' याबद्दल. आपल्याकडे कुणालाही विचारा, गाडी कशी आहे? "चांगली आहे ना भो!" संपलं. म्हणून विचारण्यापेक्षा बघणं मोठं. नऊवारीतली आजी उंच गाडीत कशी चढते बघा. आधी दार धरते, ते हलतं म्हणून सोडते, नातवाच्या खांद्यावर हात टाकते, पाठमोरी होऊन सीटवर टेकते आणि मग एकेक पाय हाताने आत ओढून घेते. तिला विचारलं तर म्हणेल, "माझेच गुडघे गेले." गाडीची पायरी उंच आहे हे तिच्या तोंडून कधीच येणार नाही. ते ओळखायचं, टेपने जमिनीपासूनची उंची मोजायची, चित्र काढायचं आणि इंजिनिअरला पटवायचं. पगार त्याचा मिळतो. शिवाय तुमच्या मुलीला अहिराणी येत असेल. पुण्याहून आलेल्या साहेबाला धुळ्याचा शेतकरी जे सांगणार नाही, ते तिला ओट्यावर बसून सांगेल. या धंद्यात हे भांडवल आहे, लाजायची गोष्ट नाही.

वाट अशी: बारावीनंतर बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी. त्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, जानेवारीत होते, आयआयटी मुंबई घेते. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसरा हाताने चित्र काढायचा. एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, तिची परीक्षा वेगळी. दोन्हीकडे जागा मोजक्याच, म्हणून दुसरी वाटही धरून ठेवा: जळगाव, धुळे किंवा शिरपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून पुढे सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी. एनआयडीच्या गांधीनगरला वाहन डिझाइनचा खास एम.डेस. आहे, त्याला मात्र सीड नाही, एनआयडीचीच परीक्षा. मला स्वतःला ही दुसरी वाट जास्त आवडते. इंजिनिअरची भाषा येणाऱ्या डिझायनरचं कारखान्यात ऐकतात. गणित मात्र सोडू देऊ नका.

खासगी डिझाइन कॉलेजांची फी वर्षाला काही लाख असते. कर्ज काढण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून नोकऱ्या कुठे लागल्या ते विचारा, माहितीपुस्तिकेवर जाऊ नका. गाड्यांच्या स्टुडिओत जागा कमीच असतात. पण हेच काम ट्रॅक्टर, दवाखान्याची यंत्रं, घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांनाही लागतं.

या मे महिन्यात तिला एक वही द्या आणि आठवडाभर बसस्टँडजवळच्या काळी-पिवळीपाशी उभं राहू द्या. चढणारे-उतरणारे बघायचे, मोजायचं, काढायचं. आठ दिवसांत कंटाळली, तर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला वेळ आहेच.