अडथळ्यांच्या रकान्यातले बाबा

मावशी,
मी ४१ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, शाळेत लिपिक आहे. दोन वर्षांपासून ध्येयं ठरवायच्या वर्कशीट भरते. मोबाईलवर शोधायच्या, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणायच्या. आयुष्याचं चाक, माइंड मॅप, पाच वर्षांचा आराखडा, सगळं करून झालं. दर वेळी तीच तीन स्वप्नं निघतात : बुटीक, अर्धवट राहिलेलं एम.कॉम. आणि हिमालयातला ट्रेक. पण पुढे काही सरकत नाही. नवरा हसतो. अडथळ्यांच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलंय : पैसा, वेळ, बाबांची जबाबदारी. बाबा ७८ वर्षांचे. आई गेल्यावर काटोलजवळचं गाव सोडून माझ्याकडे आले. संत्र्याची बाग आता भाऊ बघतो. परवा त्यांनीही एक कागद मागितला. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ याखाली लिहिलं, ‘काटोलले. आंबिया पाहाचा हाय एकदा.’ बाकी कोरं. कागद वायाच गेला, मागे मी किराण्याची यादी केली. असो. तिन्हींपैकी आधी कोणतं स्वप्न निवडू?

बाई गं,
तुझं पत्र मी ‘असो’पर्यंत वाचलं आणि तिथेच अडले.

बुटीक, एम.कॉम., ट्रेक यांतलं काही मी आज निवडून देणार नाही. नवरा हसतो तर हसू दे. ज्या कागदाच्या पाठीवर तू किराण्याची यादी केलीस, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

दोन वर्षांत तुझ्या घरात एवढे कागद भरले गेले, त्यांतला एकच पुरा भरलाय आणि तो बाबांचा आहे. कुठे जायचं ते त्यात आहे. कधी, तेही आहे, कारण आंबिया म्हणजे संत्र्याचा उन्हाळ्याआधीचा बहार, म्हणजे हंगाम आलाच. किती वेळा? एकदा. तुझ्या ट्रेकच्या कागदावर यातलं काय आहे सांग बरं.

आणि या माणसाला तू कुठे बसवलंस? पैसा, वेळ आणि त्यांच्याखाली तिसऱ्या ओळीत. दिवसभर घरात असणाऱ्या बाबांनी तुझे ते कागद वाचले नसतील असं तुला खरंच वाटतं? मला वाटत नाही. स्वतःचं नाव अडथळ्यांत वाचून ते रागावले नाहीत, त्यांनी लेकीकडे एक कोरा कागद मागितला. मला हे वाचताना भरून आलं, आणि मग तुझा राग आला. दोन्ही सांगून टाकते.

ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सुचेल ते आधी भराभर लिहून काढणं, हा शब्द रुळवला तो अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने, १९४०-५०च्या दशकांत. त्याचा पहिलाच नियम असा की, विचार निघत असताना त्याला चूक-बरोबर म्हणायचं नाही, कितीही वेडावाकडा असला तरी लिहून घ्यायचा. हा खेळ तू दोन वर्षं खेळतेयस, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने एक ओळ लिहिली तर ‘वाया गेला’ म्हणून मोकळी झालीस.

अडथळ्यांचंही तेच. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच रकान्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पुढच्या गोड दिवसांची नुसती चित्रं रंगवत बसलं की माणसाचा जोर वाढायच्या ऐवजी ओसरतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून त्या इच्छेच्या शेजारी अडथळा लिहायला लावतात, पण तो आपल्या आतला. आपली भीती, आपला आळस, आपली टाळाटाळ. दुसऱ्याचं नाव तिथे लिहिलं की रकाना भरतो आणि आपण सुटतो. तू दोन वर्षं अशी सुटत आली आहेस.

आता आंबिया. तू बागायतदाराची लेक, तुला सांगायची गरज नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. डिसेंबर-जानेवारीत संत्र्याच्या झाडाचं पाणी बंद करतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल पडतात, नवख्या माणसाला वाटतं झाड गेलं. मग मशागत करून, खत घालून पाणी सोडतात, म्हणजे ताण तोडतात. त्यानंतर काही आठवड्यांत नव्या पालवीबरोबर झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. फेब्रुवारीत काटोलकडे गेलीस तर वास आधी येतो, बाग नंतर दिसते. हे फार दिवस टिकत नाही. पाकळ्या गळतात, वाटाण्याएवढं फळ धरतं आणि ते तोडणीला येईपर्यंत पुढची दिवाळी उजाडते. संत्री काय, नागपुरात हातगाडीवरही मिळतात. बाबांनी फूल मागितलंय. जन्मभर ज्या झाडांना ताण दिला, ती यंदा कशी फुटली हे त्यांना बघायचंय.

तेव्हा एकच काम कर. बाबांना काटोलला घेऊन जा. या महिन्यात. नागपूरहून जेमतेम ६० किलोमीटर. पैशाचं कारण मला सांगू नकोस : ७५ वर्षांवरच्यांना एसटी २०२२पासून फुकट आहे, आणि तुला २०२३पासून अर्धं तिकीट. वेळेचंही सांगू नकोस, सकाळी निघालीस तर रात्रीचा स्वयंपाक घरी येऊन करशील. नवरा करणार असेल तर आणखी चांगलं. वर्कशीट नेऊ नकोस. बागेत ते चालतील तेवढं चाल, बसतील तिथे बस, आणि झाडांबद्दल जे सांगतील ते ऐक.

कोणता रविवार ते तू ठरवायचं नाहीस. आज संध्याकाळी बाबांजवळ बस आणि भावाला फोन लावून फोन त्यांच्या हातात दे. ताण कधी तोडला, पहिलं पाणी कधी दिलं, हे ते विचारतील. मग बोटांवर दिवस मोजतील आणि तुला तारीख सांगतील.

— मावशी