जुनी मर्सिडीज घरच्या पार्किंगमध्ये दुरुस्त करून वापरता येते का?

येते. पण तुम्ही लिहिलंय, 'कोथरूडमध्ये 1996ची ई220 स्वस्तात मिळतेय, सुट्टीच्या दिवशी घरीच काम करीन म्हणतो, मित्र म्हणतो हात लावू नकोस, खर्च किती येईल?' यातल्या मित्राबद्दल मी आधी बोलणार. कारण तेच वाक्य आमचे दाजी मला दर दिवाळीला ऐकवतात. दाजींकडे हप्त्यांवरची नवी एसयूव्ही आहे. तिचं बॉनेट त्यांनी आजवर वायपरचं पाणी भरायलाच उघडलं असेल. असो.

मुळात ही गाडी परकी नाही. डब्ल्यू124, म्हणजे ही ई220 ज्या पिढीतली ती, भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज कार, आणि ती 1995 साली आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडली जायला लागली. चाकणचा कारखाना 2009चा, फार नंतरचा. आणि ही शेवटच्या त्या गाड्यांपैकी आहे ज्यांच्या इंजिनाभोवती हात घालायला जागा असते. पाना जातो, बोल्ट दिसतो. आजच्या गाडीत प्लास्टिकचं झाकण उचललं की खाली दुसरं झाकण.

माझी ई220 घेतली तेव्हा सकाळी थंड असताना झकास चालायची. कात्रजचा घाट चढून वर आलं की आयडलिंगला थरथरायची आणि गाडी थांबवली की बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू. एका नावाजलेल्या वर्कशॉपनं आधी इग्निशन कॉइल बदलल्या, मग एअर मास सेन्सर बदलला, आणि शेवटी 'हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागेल' म्हणून लाखाच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलं. दाजी नेमके सोबत होते. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला आणि घरी आल्यावर ताईला, आईला, खालच्या मजल्यावरच्या काकांना, सगळ्यांना वाचून दाखवला. वर मला, 'बघ, मी म्हणत होतो.'

मी गाडी उचलून घरी आणली आणि इंजेक्टरजवळ हार्नेसचं, म्हणजे इंजिनाच्या वायरींच्या जुडग्याचं, काळं आवरण ब्लेडनं चिरलं. आतल्या वायरींचं इन्सुलेशन बोट लागताच भुगा होऊन खाली पडलं. नुसतं तांबं! साधारण 1992 ते 96च्या मर्सिडीजचा हा जगजाहीर रोग आहे. त्या काळच्या वायरींचं आवरण इंजिनाच्या उष्णतेनं वाळतं, तडकतं, मग वायरी एकमेकींना लागतात आणि कॉम्प्युटरला भलतेच सिग्नल जातात. दुर्लक्ष केलं तर ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटरच, जळू शकतो. जी गोष्ट ब्लेड आणि टॉर्चनं दिसते ती पगारी माणसांना दिसली नाही, आणि म्हणे हेड खोला.

अख्खा हार्नेस काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी, प्रत्येक जोडणीचा फोटो. उष्णता सोसणारी टेफ्लॉनची वायर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाली. जाडी तीच घ्यायची, रंगही तेच ठेवायचे, नाहीतर पुढच्या माणसाचे हाल. क्रँक सेन्सर आणि नॉक सेन्सरला शिल्डेड वायर लागते, तिथं साधी चालत नाही. आणि डाख देऊ नका, क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा. डाख दिलेल्या जागेच्या कडेला वायर थरथरून तुटते. ते चाललं असताना दाजी जेवायला आले. 'गाडीची आतडी टेबलावर आणि माणसं जमिनीवर!' म्हणाले. बसले मात्र जमिनीवर, आणि पुरणपोळी नेहमीएवढीच खाल्ली.

त्या इंजिनाचं हेड आजही कुणी खोललेलं नाही. पसरणीचा घाट एसी लावून चढते. दाजींच्या मते हे नशीब.

आता खर्च. आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय. गाडी जेवढ्याला घ्याल तेवढेच पैसे वेगळे काढून ठेवा आणि ते संपतील असं धरून चाला. रबर आधी: बुश, होज, इंजिन माउंट, प्रॉपेलर शाफ्टची फ्लेक्स डिस्क. पैसे इथेच जातात, आणि गाडी पुन्हा गाडीसारखी वाटते तीही यानंच. रंग-पॉलिश सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालाल तर रेडिएटरवर पाणी सोडा. सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड वगैरे तुम्हाला येत असेलच.

काही कामं मात्र घरी नाहीत. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअबसॉर्बरवर नसते, खालची आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये दाबलेली असते. ती काढायला आतून बसणारा खास कॉम्प्रेसर लागतो. बाजारातला बाहेरून हुक अडकवायचा कॉम्प्रेसर तिथं सटकला तर माणूस जायबंदी होईल. ते काम बाहेर द्या, त्यात कमीपणा नाही. स्टँड न लावता नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही हे सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत असतं, तरी लिहितो.

पेट्रोल आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाचे जुने रबरी होज पहिल्याच महिन्यात बदला. आरसीवरची तारीखही बघा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, 1996च्या गाडीचं 2026 मध्ये येतं, आणि 20 वर्षांपुढच्या कारची फी 2025पासून 10,000 रुपये झाली आहे. वर पर्यावरण कर. हे मालकानं केलेलं नसेल तर ते किमतीतून वजा करून घ्या.

बघायला जाल तेव्हा चांदणी चौकापर्यंत चालवून इंजिन तापवा, मगच बॉनेट उघडा, आणि हार्नेस बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर ब्लेड खिशात ठेवलेलं बरं. मालकाला विचारून वापरा.