मुंबईहून आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन स्वतःच्या गाडीने कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत, चार दिवसांत जमेल का?

गोव्याचा हट्ट सोडा, दापोलीजवळच्या हर्णैपर्यंतच जा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गाडीसकट मांडव्याला उतरा. सुट्ट्यांत तिकीट आधीच काढा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन बघता येतो, तेव्हा भरतीची वेळ बघूनच निघा. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाची होडी. ती किल्ल्याच्या दरवाजाशी हेलकावत असतानाच पायरीवर पाऊल टाकावं लागतं. आजींचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना काठावरच बसवा. पुढे आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी, दोन्हीकडे खाडी ओलांडायला गाडी जंगलजेटीत (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत) चढते. (पोरांना किल्ल्यापेक्षा हेच आवडतं!) हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव असतो. मार्चनंतर जात असाल तर दुपारी किल्ला नको, जेवून सरळ आडवे व्हा.