आधी अंफो, मग मांडव

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. होणाऱ्या थाई बायकोच्या गावाकडचं लग्न मार्चमध्ये उरकून घेतो, कागदपत्रांचं सावकाश बघू, असं तू लिहिलंस. इथवर मी गप्प बसलो असतो. पण पुढे लिहिलंस, "काका, कागदाने का कुठे नातं ठरतं?" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. २००६ साली थायलंडमधल्या रोई एटच्या बसस्टँडवरून मी ते माझ्या थोरल्या भावाला फोनवर ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं.

मुलगी कशी आहे, घरचे मानतील का, भाषेचं कसं होईल, यावर मी काही लिहिणार नाही. ते तुम्ही दोघं माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मला एकच सांगायचं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी अंफो, मग मांडव.

अंफो म्हणजे आपल्याकडचं तहसील कार्यालय समज. बँकॉकमध्ये त्याला खेत म्हणतात. 'क्षेत्र'वरून आलेला शब्द, आपलं शेतही त्यातूनच आलेलं. थायलंडच्या दिवाणी कायद्याचं कलम १४५७ म्हणतं की लग्न होतं ते नोंदणीनेच. नंतर नोंदलं तर मागच्या तारखेपासून झालं, असंही नाही. ज्या दिवशी निबंधकासमोर दोघांनी होकार दिला आणि सह्या केल्या, त्या दिवसापासून तुम्ही नवरा-बायको. त्याआधी गावाने काहीही म्हणो.

आणि गाव म्हणतं, हे मला माहीत आहे. तिथलं लग्न मीही केलंय. पहाटे भिक्षूंचं पठण. मग वाजतगाजत खन माकची मिरवणूक, नवऱ्यामुलासोबत विड्याच्या पानांची आणि सुपारीची तबकं. घराच्या दारात मुलीकडच्यांनी सोन्याची साखळी आडवी धरलेली, पाकीट दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपल्याकडे करवल्या जोडे लपवून अडवतात ना, अगदी तसं. मग दोघांच्या डोक्यावर एकाच पांढऱ्या सुताची जोडवेटोळी, तिला म्हणतात मोंगखोन, म्हणजे आपलं मंगल. वडीलधारी माणसं एकेक करून येतात आणि शंखातून तुमच्या हातांवर पाणी सोडतात. शंखाला ते 'सांग' म्हणतात. सासूने पाणी सोडलं तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि माझ्या मनगटावरून ते पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं, ते मला आजही जाणवतं. त्या पाण्यापुढे सरकारी शिक्का काय, असं तुला वाटणारच. मलाही वाटलं.

आता पुढचं ऐक.

२००८ साली मुलगा झाला. जन्मदाखल्यावर वडील म्हणून माझं नाव लागलं, मी खूश. २०११ साली आई कऱ्हाडला आजारी पडली आणि डॉक्टरांनी सांगितलं, भेटून जा. तिने नातवाला पाहिलेलं नव्हतं. नेमकी त्याच आठवड्यात बायको स्कूटरवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, पायात रॉड घातला होता. ती म्हणाली, तू पोराला घेऊन जा. मी पोराला कडेवर घेऊन पासपोर्टच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी दाखला पाहिला, नाव माझंच आहे हे मान्य केलं आणि शांतपणे विचारलं, "लग्नाची नोंद?" नव्हती. थायलंडच्या कायद्यात आईबापाच्या लग्नाची नोंद नसेल तर मूल कायद्याने फक्त आईचं. दाखल्यावरच्या बापाच्या नावाने बापाला पालकत्वाचा अधिकार मिळत नाही. अधिकार मिळायचे मार्ग तीन: आईबापाने नंतर लग्न नोंदणं, बापाने मुलाची रीतसर नोंद करून घेणं, किंवा कोर्टाचा निकाल. यातलं काहीच मी केलेलं नव्हतं. मग आईची, म्हणजे माझ्या बायकोची, अधिकाऱ्यासमोर केलेली संमती आणा. ती रुग्णालयात आडवी. धावपळ करून ती सही मिळेपर्यंत आठ दिवस गेले. माझी आई सहाव्या दिवशी गेली.

त्या खिडकीतल्या बाईंची काही चूक नव्हती. कोण कुठला परका माणूस लहान पोराला देशाबाहेर नेऊ बघतो, त्याला त्यांनी अडवलंच पाहिजे. कागदावर मी परकाच होतो. माझ्याच पोराचा.

म्हणून आधी अंफो, मग मांडव. तू म्हणशील, आम्हाला एवढ्यात मूल नको आहे. मुलाचं राहू दे. उद्या तिला काही झालं, तर कायदेशीर वारस म्हणून तिचे आईवडील असतील, तू नसशील. तुला इथे थायलंडच्या नागरिकाचा नवरा म्हणून राहण्याची वर्षावर्षाची मुदतवाढ हवी असेल, तर बँकेत चार लाख बाट किंवा महिन्याला चाळीस हजारांचं उत्पन्न दाखवावं लागतं, पण त्याच्याआधी नोंदीचा दाखला. आणि आपल्या बाजूने बघ. परदेशी पत्नीला भारतात हवं तितकं राहू देणाऱ्या ओसीआय कार्डासाठी लग्न नोंदलेलं हवं आणि त्यानंतर सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. आम्ही २०१२ साली नोंद केली. पुढे तिच्या कार्डाचा अर्ज करताना त्याआधीच्या सहा वर्षांच्या संसाराला कुणी मोजलंही नाही.

काम काही डोंगराएवढं नाही. तुझ्या बाजूने हवा तो आपल्या दूतावासाचा, तू लग्नाला मोकळा आहेस असा दाखला. दूतावास बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर सोई २३ मध्ये, म्हणजे २३ नंबरच्या गल्लीत आहे. त्यासाठी भारतातून काय काय आणायचं, ते तिथे स्वतः जाऊन विचार, माझ्या वेळची यादी धरून बसू नकोस. तो दाखला थाई भाषेत उतरवून घ्यायचा आणि चेंग वत्थनाच्या रस्त्यावर परराष्ट्र खात्याच्या वाणिज्यदूत विभागातून प्रमाणित करून घ्यायचा. तिच्याकडचं तिचं ओळखपत्र आणि घराच्या नोंदीचं पुस्तक. दोन साक्षीदार. थाई नीट येत नसेल तर दुभाषा. देशातल्या कुठल्याही अंफोत करता येतं, तिच्या गावीच जायला हवं असं नाही. पुष्कळ जोडपी मुद्दाम बँकॉकच्या बांग राकला जातात, कारण 'राक' म्हणजे प्रेम, आणि १४ फेब्रुवारीला तिथे रांग लागते. तू त्या रांगेत उभा राहू नकोस, साध्या मंगळवारी जा.

एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण आपली मराठी माणसं तिथेच अडकतात. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव, मग वडिलांचं. थाई माणसाला दोनच भाग माहीत, नाव आणि आडनाव. मधलं 'वडिलांचं' कुठे घालायचं हे अनुवादक आपल्या मनाने ठरवतो. शिवाय थाईत आपला 'ग' नाही. माझ्या आडनावातला 'ग' एका अनुवादकाने 'क'सारख्या अक्षराने लिहिला, दुसऱ्याने 'ख'सारख्या, आणि प्रमाणित करायला गेल्यावर कळलं की कागदोपत्री मी दोन वेगळी माणसं आहे. अकरा दिवस गेले. तेव्हा पहिल्याच दिवशी तिला समोर बसवून तुझ्या नावाचं एक थाई लेखन ठरव, एका चिठ्ठीवर लिही आणि आयुष्यभर तेच वापर. त्यांचं साल बुद्धाब्द आहे, आपल्या २०२५ ला ते २५६८ लिहितात. अनुवाद परत आला की प्रत्येक तारखेतून ५४३ वजा करून बघ. एजंटला पैसे देऊन हे करून घेता येतं. घे करून. पण कागद स्वतः वाचल्याशिवाय सही करशील तर मला फोन करू नकोस.

सह्या झाल्या की तुम्हाला दोघांना एकेक प्रत मिळेल. तिला खॉ रॉ ३ म्हणतात, कडेला नक्षी असलेला कागद. त्यावरचा 'लग्न' हा शब्द तिला वाचून दाखवायला सांग. उच्चार सोमरोत, पण अक्षरं बघशील तर स, म, र, स. समरस. त्या दिवशी मी ते काउंटरवर बोटाने अक्षर अक्षर लावून वाचलं. पोरगा चार वर्षांचा, काउंटरला लोंबकळत होता.

दोघांच्या मालमत्तेबद्दल काही लेखी ठरवायचं असेल तर तेही नोंदीच्याच दिवशी. विवाहपूर्व करार लेखी हवा, त्यावर तुमच्या दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि नोंदणी होतानाच रजिस्टरला त्याची नोंद हवी. एरवी तो करार रद्दबातल. नंतर बदलायचा तर कोर्टात जा. पुढेमागे घर घ्याल तेव्हा जमीन तिच्याच नावावर होईल, परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. आणि पैसा तिचाच आहे असं तुला लिहून द्यावं लागेल. हे आत्ताच माहीत असू दे.

तुझ्या वडिलांना सिन सोत खटकलं, हे वाचून मला राग आला. मुलीच्या आईवडिलांना मुलाकडच्यांनी पैसे द्यायचे म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं म्हणे. आपल्याकडे किती पिढ्या मुलीच्या बापाने हुंड्यापायी जमिनी विकल्या, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही. रक्कम दोन्ही घरांनी बसून ठरवावी, परवडेल तेवढीच द्यावी. पण ती दिली म्हणजे लग्न झालं, असं समजू नकोस. तबकात मांडलेल्या नोटांवर तीळ टाकतात, भरभराट व्हावी म्हणून. त्या तिळांनी नोंद होत नाही.

तुझी आई म्हणते, इकडे पुण्यातच करा. करा की. विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं हवं, मग नोटीस, मग आणखी तीस दिवस. तिला एवढी रजा मिळणार आहे का, ते विचार. तिथे झालं तर तिने इथल्या अंफोत येऊन परदेशात झालेलं लग्न म्हणून त्याची नोंद करून घ्यायची. देश कुठलाही धर, माझी हरकत नाही. पण एका तरी सरकारी वहीत तुमची नावं शेजारी शेजारी लिहिली गेल्याशिवाय कार्यालयाचा हॉल बुक करू नका.

कागदाने नातं ठरत नाही म्हणतोस. २०२५ च्या जानेवारीत थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना लग्न नोंदता येऊ लागलं. पहिल्याच दिवशी बँकॉकच्या सियाम पॅरागॉनमध्ये शेकडो जोडपी नोंदणीला आली. कित्येकांचा वर्षानुवर्षांचा संसार होता, त्यांचं प्रेम काही त्या दिवशी सुरू झालं नाही. तरी ती आली, कारण तो कागद नसणं म्हणजे काय हे त्यांनी भोगलं होतं. तुला तो मागितला की मिळतोय.

माझा भाऊ अजून म्हणतो, तू आळस केलास. आळस नव्हता. माझी नोकरी तेव्हा कंत्राटावर होती, दर नव्वद दिवसांनी जाऊन पत्ता कळवावा लागायचा, आणि दूतावासातून घरी काही पत्र जाईल, आईला कळेल आणि तिला धक्का बसेल, अशी भीती होती. म्हणजे आईला धक्का बसू नये म्हणून मी थांबलो. हे कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, तुलाही सांगतोय. ते खरं आहे. आणि तिने नातू पाहिला नाही, हेही खरं आहे.

आता कामाचं. या रविवारी दोघंही आमच्याकडे जेवायला या. येताना तिचं घराच्या नोंदीचं पुस्तक आणि तुझा पासपोर्ट आणा, पाकिटात घालून, घड्या न घालता. साक्षीदार म्हणून माझी बायको येते म्हणालीय, दुसरी तिची बहीण. नोंदीच्या दिवशी सकाळी लवकर निघू, बारा ते एक खिडकी बंद असते. आणि माझ्या बायकोने विचारलंय, तुझ्या आडनावातला 'ज' थाईत कुठल्या अक्षराने लिहायचा, ते दोघांनी ठरवलंत का?

तुझा,
काका