मूर्ती परळच्या कारखान्यात, मग कर्ता कोण?

प्रिय चिनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ड्यूटीवरून आल्यावर ऐकला. आज शुक्रवार, मस्कतला सुट्टी, म्हणून निवांत लिहितेय.

तुझं म्हणणं असं की आजी अथर्वशीर्षात ‘त्वमेव केवलं कर्तासि’ म्हणते, म्हणजे करणारा तूच. पण आपला गणपती बाबा परळच्या कारखान्यातून आणतात, ओला असताना तू स्वतः पाहिलास. मग कोणी कोणाला केलं? आणि देवाने जग केलंच असेल, तर त्याला गरज काय पडली होती? आजी म्हणाली, गणपतीत असलं विचारू नये. विचारावं. फक्त आरतीच्या मध्ये नको, तिची लय जाते.

साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेत उदयनाचार्य नावाचे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे (तर्काचे) पंडित होते. ते म्हणत, मडकं दिसलं की कुंभार असणार हे आपण धरून चालतो. पृथ्वी, बियाचा अंकुर हीसुद्धा कार्यंच, म्हणजे कधीतरी घडलेल्या गोष्टी, म्हणून त्यांनाही कर्ता हवा. शाळेत असताना मला हे फार पटायचं. आता तेवढं नाही. कुंभार माती कुठे करतो? परळलाही शाडूची माती पोत्यांतूनच येते.

गंमत म्हणजे उदयनांच्या कितीतरी आधी कुमारिल भट्टांनी तुझाच प्रश्न विचारला होता. ते यज्ञयाग मानणारे, वेदांचे कट्टर अभिमानी, तरी जगाला कर्ता आहे हे त्यांना मान्य नव्हतं. हेतू असल्याशिवाय मूर्खसुद्धा काही करत नाही, मग देवाने का करावं? दया आली म्हणून केलं म्हणावं, तर जग व्हायच्या आधी दया करायला होतं कोण? आजीला हे सांगून बघ. म्हणजे हळूच सांग.

यावर ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात (२.१.३३) एका शब्दाचं उत्तर आहे: लीला, म्हणजे खेळ. शंकराचार्य दोन दाखले देतात. सगळं मिळालेला राजा नुसता खेळतो, तसं. किंवा आपण श्वास घेतो, तसं. राजाचा मला नाही भावत. तो खेळणार आणि भोगणार प्रजा! श्वासाचा पटतो, कारण श्वास काही मिळवायला म्हणून कोणी घेत नाही. मग जगात कोणी सुखी, कोणी दुःखी का? पुढचंच सूत्र म्हणतं, ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. तिथे मी अजून अडखळते. लॅबमध्ये तान्ह्या बाळाचं सॅम्पल आलं की जास्तच.

आता कोणी कोणाला केलं ते. गेटवेवरून लाँचने आपण घारापुरीला गेलो होतो, आठवतं? तुझं सगळं लक्ष माकडांकडे. पण ते खांब, द्वारपाल, तीन तोंडांचा तो भलामोठा शिव, सगळा एकच खडक आहे. ज्ञानेश्वर अमृतानुभवात हाच दाखला देतात: डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार करतात, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये? म्हणजे पूजा करणारा आणि पूजा घेणारा एकाच दगडाचे. तू लगेच म्हणशील, पण कोरणारा तर बाहेरचा होता ना! होता. दाखला तिथे लंगडतो खरा, तरी मला उदयनांच्या मडक्यापेक्षा तो जवळचा वाटतो.

कारण आपल्या घरात तेच चालतं. बाबा आधी पाट नेऊन देतात, मूर्तिकार शेवटी डोळ्यांची आखणी करतो, आजी प्राणप्रतिष्ठा करते आणि दीड दिवसाने आपणच त्याला गिरगाव चौपाटीवर सोडून येतो. आपण केलेल्या मूर्तीलाच ‘कर्ता तू’ म्हणताना आजीची जीभ जराही अडखळत नाही. तिला कोडं पडतच नाही, आणि मला तिचा थोडा हेवा वाटतो.

विसर्जनाहून येताना पाटावर मूठभर वाळू आणली असेल ना? ती कुठे ठेवली ते आजीला विचार आणि मला कळव. पाट माळ्यावर टाकण्याआधी नीट पूस, गेल्या वर्षी त्याला वाळवी लागली होती.

तुझी,
आई